मचाणाचे पाय, मंडळाचा ट्रेलर आणि शनिवार

नाना:
मंडळी, १५ नोव्हेंबरला इथे मिशिगनमध्ये बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, त्याला चार आठवडे राहिले. मचाण येत्या शनिवारी उभं करायचंच, म्हणून मंडळाचा ट्रेलर शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत हवा आहे. भाऊंच्या गराजमध्ये तळाची चौकट तयार आहे: ६ बाय ६ फूट, २ बाय ६ इंची जॉइस्ट (फळीखालच्या आडव्या तुळया) १६-१६ इंचांवर, दोन्ही कर्ण ८ फूट पावणेसहा इंचांना मिळाले. भिंती, छप्पर सगळं तिथेच जोडून पूर्ण खोका ट्रेलरवर टाकायचा, जागेवर पाय लावायचे आणि भाऊंच्या पिकअपने दोर ओढून उभा करायचा. ४ बाय ४ चे १० फुटी पाय आणलेत. कोपऱ्याच्या लोखंडी ब्रॅकेटमध्ये बसवून प्रत्येक पाय दोन्ही दिशांना दीड-दीड फूट फाकवायचा, म्हणजे खाली ९ बाय ९ चा पसारा. सहा माणसं लागतील. नावं कळवा.

खजिनदार:
ट्रेलर शनिवारी मिळणार नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाचं स्टेज आणि पडदे त्याच दिवशी हॉलवर न्यायचे आहेत. मागच्या वेळी ट्रेलर परत आला तेव्हा मागचे दिवे लागत नव्हते, हेही लक्षात असू द्या. किल्ली माझ्याकडेच राहील.

बापू:
ट्रेलरचं नंतर बघू. नाना, पूर्ण खोका उभा करायचा विचार सोडा. हिशेब करा: चौकट आणि पाऊण इंची प्लायवूड मिळून दोनशे पौंडांच्या वर, चार भिंतींचं ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेले तक्ते) सव्वादोनशे, आतल्या पट्ट्या सव्वाशे, छप्पर पावणेदोनशे. साडेसातशे पौंड होतात, आणि ते सगळं वजन लांब काठीच्या टोकाला. उचलताना मधेच थांबलं तर खाली उभं राहायला जागा नाही.

दुसरं, १० फुटी पाय कमी पडतील. पाय तिरपा गेला की उंची घटते. फळी १० फुटांवर हवी असेल तर पाय १० फूट पावणेतीन इंच लागतो, आणि तुमच्या जागेला उतार आहे, खालच्या बाजूला आणखी आठ-नऊ इंच. १२ फुटी आणा, जमिनीला टेकतील असे म्हणजे 'ग्राउंड कॉन्टॅक्ट' शिक्का असलेलेच. उतारावर विटांची चवड रचून उंची जुळवू नका, पाय कमीजास्त कापा. कापलेल्या टोकाला कॉपर नॅफ्थेनेट, म्हणजे लाकूड कुजू न देणारं औषध, ब्रशने दोनदा लावा. कारखान्यात दिलेलं औषध लाकडात वरवर मुरलेलं असतं, गाभ्यापर्यंत पोचत नाही, आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते.

भाऊ:
पिकअपला साडेसातशे पौंड काहीच नाहीत बापू. दोर लांब ठेवला की झालं. खरा प्रश्न पायाचा आहे. खड्डे खणून काँक्रीटमध्ये पाय गाडूया. गावाकडे ज्वारीच्या शेतातला माळा असाच पाय पुरून उभा करतात, वाऱ्यात हलत नाही.

बापू:
भाऊ, गावाकडच्या जमिनीला बर्फ लागत नाही. मिशिगनमध्ये थंडी ४२ इंच खोल उतरते, इथला बांधकामाचा नियमच तेवढा आहे. त्यापेक्षा उथळ गाडलं तर गोठलेली माती पायाला कडेने धरून वर ढकलते, वितळताना खाली माती भरते आणि पाय जागेवर परत जात नाही. एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच जास्त उचलला की चौकट पिळते, दार अडकायला लागतं.

४२ इंच खणायचं तर १२ इंची गोल खड्ड्याला पावणेतीन घनफूट काँक्रीट. ८० पौंडी पोत्याचं ०.६ घनफूट होतं. म्हणजे खड्ड्याला पाच, एकूण वीस पोती, सोळाशे पौंड, तीही पाणी नसलेल्या जागी चिखलातून. आणि तिरपा पाय उभ्या खांबावर नीट बसतही नाही. त्यापेक्षा १६ इंची काँक्रीटच्या फरशा. वरची काळी माती खरवडून काढायची, चार इंच खडी ठोकून बसवायची, त्यावर फरशी. जमीन हलली तर सगळं एकत्र हलतं. उन्हाळ्यात लेव्हल लावून एक कोपरा जॅकने उचलायचा, बस.

वाऱ्यासाठी प्रत्येक पायाशी ३० इंची स्क्रू अँकर, मोबाइल होमला लावतात ते, तारेने आणि टर्नबकलने (तार ताणायच्या पेचाने) ताणून. खोक्याची बाजू म्हणजे चाळीसेक चौरस फूट, शीडच समजा. खालून वर उचलणारा वारा जास्त त्रास देतो. आणि पाय बाहेर सरकू नयेत म्हणून जमिनीपासून दोन फुटांवर चारही बाजूंना आडव्या २ बाय ४, त्यावर चारही बाजूंना फुली. अर्धा इंची गॅल्व्हनाइज्ड बोल्ट, ६ इंच लांब (४ बाय ४ ची खरी जाडी साडेतीन अधिक २ बाय ४ ची दीड, वर वॉशर आणि नट). डेकचे स्क्रू या जोडांना चालत नाहीत. ते कडक असतात, वाकत नाहीत, एका झटक्यात तुटतात. साधे काळे स्क्रू तर नकोच, औषधी लाकडातलं तांबं त्यांना खातं.

ताई:
बोल्टबद्दल सहमत. छपराबद्दल कोणीच बोललं नाही. ड्रॉइंगमध्ये पुढची भिंत ७ फूट, मागची साडेसहा दिसतेय. ६ फुटांत ६ इंच उतार म्हणजे बाराला एक. वरून स्क्रू मारायचा पत्रा बाराला तीनपेक्षा कमी उतारावर लावत नाहीत. बर्फ साचतो, दुपारी वितळतो आणि पाणी पत्र्याच्या जोडातून मागे चढतं. पुढे साडेसात, मागे ६ करा. मागे डोकं वाकवावं लागेल, पण तिथे खुर्चीच असते. दार मग मागच्या भिंतीत नको, बाजूच्या भिंतीत पुढच्या कोपऱ्याला, बाहेर उघडणारं, समोर ३ फुटी ओटा आणि कठडा. शिडीवर उभं राहून दार ओढायची वेळ कोणावर येऊ नये. शिडीचे दोन्ही दांडे ओट्याच्या वर ३ फूट गेलेच पाहिजेत.

खजिनदार:
ओटा, कठडा, खडी, फरशा: हा खर्च मंडळाच्या खात्यातून नाही, एवढं इथेच स्पष्ट करतो. जागा पाच जणांची आहे, मंडळाची नाही.

भाऊ:
खर्च कोणी मागितलाच नाही. ताई, खिडक्या किती उंचीवर? मी ४० इंच धरलं होतं.

ताई:
४० जास्त. १० फुटांवरून नेम खाली जातो, जवळचं हरीण दिसणारच नाही. १८ इंची खुर्ची असेल तर ३६. कापण्याआधी खुर्ची ठेवा, सगळ्यांत बुटक्या माणसाला बसवा, कोपर टेकवून पेन्सिलने रेघ मारा. आतून सगळं मॅट काळं, आणि समोरासमोरच्या खिडक्या एकाच वेळी उघड्या नकोत, माणसाची आकृती उजेडात उठून दिसते. झडप वरून बिजागरीची, आत उघडणारी, चौकटीला फोमची पट्टी. लाकडावर लाकूड आपटल्याचा एक टक आवाज शांत सकाळी शंभर यार्डांवर ऐकू जातो. आत फळीवर जुना गालिचा, तोही कोपऱ्यापर्यंत चिकटवलेला.

नाना:
पटलं. १२ फुटी पाय उद्या आणतो. पण मग उभं कसं करायचं? सहा माणसं आणि पिकअप, एवढंच आहे.

बापू:
फक्त चौकट, पाय आणि फुल्या जमिनीवर जोडा, प्लायवूडसुद्धा लावू नका. साडेतीनशे-चारशे पौंड होतील. टेबल आडवं पाडल्यासारखं ठेवा, दोन पाय जमिनीवर. त्या दोन पायांची टोकं त्यांच्या फरशांच्या कडेला आणि पुढे दोन-दोन लोखंडी पहारी ठोकून अडवा. पाय सरकला तर संपलं. चौकटीकडून चौघांनी उचलायचं. सुरुवातीला अर्ध्याहून जास्त वजन त्यांच्याच हातात असतं, म्हणून खांद्यापर्यंत आलं की २ बाय ४ च्या दोन टेकण्या लगेच खाली. मग पायांच्या बाजूने ओढदोर.

ओढदोर हाताने फिरवायच्या विंचला (दोर गुंडाळणाऱ्या चरखीला) लावा, पिकअपला नाही. पिकअपमध्ये बसलेल्याला दोरावर किती ताण आहे ते कळत नाही, आणि पाय अडकला तरी गाडी ओढतच राहते. पिकअप फक्त विंच बांधायला, हँडब्रेक लावून, चाकांना ठोकळे, ४० फुटांवर. नायलॉनचा दोर ताणून परत उसळतो, पॉलिएस्टरचा घ्या.

आता महत्त्वाचं. शेवटचे ३० अंश ते ओढावं लागत नाही. वजन टेकलेल्या पायांच्या पलीकडे गेलं की ते आपोआप कोसळतं आणि मोकळे दोन पाय जमिनीवर आदळतात, ब्रॅकेट फाटतो. म्हणून उलट्या बाजूला दुसरा दोर, झाडाला दोन वेढे मारून, एक माणूस फक्त तोच सोडत राहील. बाकी कोणीही चौकटीच्या खाली नाही.

उभं झालं, अँकर ताणले, की मग प्लायवूड. भिंती गराजमध्ये सुट्या जोडून आणा, एकेक ९०-१०० पौंडांची, दोन तिरप्या २ बाय ४ वरून दोराने वर सरकवायची. वर काम करणाऱ्याला पूर्ण हार्नेस (पडू न देणारे अंगावरचे पट्टे). पुढे बंदूकही अशी दोरानेच वर न्यायची: रिकामी, नळी खाली.

नवीन सभासद:
प्रोपेनचा छोटा हीटर चालेल का आत? आणि पलीकडच्या घराचं काय?

ताई:
चालेल, पण २४० घनफुटांची बंद खोली आहे ती. एक फट खाली, एक वर, कायमची उघडी, आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म. हीटरमध्ये ऑक्सिजन सेन्सर असला तरी अलार्म सोडायचा नाही. घराचं: वस्तीच्या इमारतीपासून १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय बंदुकीची शिकार चालत नाही. टेपने मोजा, अंदाजाने नको.

खजिनदार:
भिंती सुट्या येणार असतील तर ट्रेलर लागतच नाही. ६ फुटी भिंती ८ फुटी बेडमध्ये बसतात, पाय छतावरच्या रॅकवर. स्टेजसाठी मात्र पिकअप दुपारी ३ ला हॉलवर हवा.

नाना:
मिळेल. सकाळी ७ ला भाऊंच्या गराजवर. पहारी कोणाकडे आहेत? चार लागतील, माझ्याकडे एकच आहे.