घरमालकाने दुरुस्ती लांबवली तेव्हा तुम्ही काय केलेत? (अनुभव धागा)

पागोळी
काल शेजारणीने पावसाचे पाणी धरण्यासाठी गॅलरीत पितळी घंगाळ ठेवले. त्यात पडणाऱ्या थेंबांच्या आवाजाने मला पुण्यातल्या आमच्या वाड्यातला २००४ सालचा पावसाळा आठवला. आमच्या दोन खोल्यांत त्या वर्षी पाच ठिकाणी गळत होते. आई पातेली आणि रिकामा पिठाचा डबा मांडून उरलेल्या कोरड्या जागेत आमची अंथरुणे घालत असे. मालकांना दोन वर्षे तोंडी सांगून झाले होते. ते प्रत्येक वेळी दिवाळीनंतर माणूस पाठवण्याचे कबूल करत आणि दिवाळीनंतर गळणेच थांबल्यामुळे विषय मागे पडे.

शेवटी बाबांनी चारही बिऱ्हाडांच्या सह्यांचे पत्र पोहोचपावतीसह टपालाने पाठवले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकाची असते. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत काम केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये.

आमचे भाडे महिना १८० रुपये, म्हणजे वर्षाला २,१६० रुपये होते, त्यामुळे प्रत्येक बिऱ्हाडाला वर्षाला ५४० रुपयेच कापता येणार होते. कौले उतरवून, कुजलेल्या रिपा बदलून पुन्हा शाकारणी करण्यास सुमारे ६,३०० रुपये लागले आणि ते वळते होण्यास जवळजवळ तीन वर्षे गेली. तोवर पैसे आमच्या खिशातून गेलेले होते, हे मी मुद्दाम सांगते, कारण हा हक्क कागदावर वाटतो तितका हलका नाही. बाबांनी भाडे कधीही पूर्ण थांबवले नाही. ते दरमहा ४५ रुपये कापून १३५ रुपये देत. मालकांनी ते घेण्यास नकार दिला, तेव्हा बाबांनी मनीऑर्डर केली आणि परत आलेल्या मनीऑर्डरीची पावतीही जपून ठेवली.

आपले अनुभव कृपया लिहावेत.

दुपारचा चहा
पिठाच्या डब्याचे वाचून डोळे भरून आले. आमच्याकडे न्हाणीघराची फरशी उखडली होती आणि सासूबाई तिथे घसरून पडल्यावर मालकाने आठवड्यात गवंडी पाठवला. त्याआधीचे आठ महिने आम्ही फक्त फोन करत होतो. एकही ओळ लिहून दिली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

गिरगावकर
आमची चाळ १९४० पूर्वीची आणि उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी) असल्यामुळे आमचा मार्ग निराळा होता. जिन्याच्या तुळया वाकल्या होत्या आणि मालक आम्हाला भेटतसुद्धा नव्हते. आम्ही म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे छायाचित्रांसह अर्ज केला. त्यांचे अभियंते पाहणी करून गेले, आधी टेकू लागले आणि पुढच्या उन्हाळ्यात जिन्याचे काम झाले. हे मंडळ मुंबई शहराच्या जुन्या भागातील उपकरप्राप्त इमारतींपुरते आहे. उपनगरातील भाडेकरूंनी तिथे हेलपाटे घालू नयेत. धोकादायक बांधकामाची तक्रार मात्र कोणत्याही शहरात महापालिकेच्या विभाग कार्यालयात देता येते. ती देताना इमारत रिकामी करण्याची नोटीसही निघू शकते, याचा विचार सर्व भाडेकरूंनी एकत्र बसून आधी करावा.

नवे बिऱ्हाड
आम्ही ठाण्यात ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. वरच्या गच्चीतून बेडरूमच्या छतावर ओल आली आहे आणि मालक पुण्याहून "बघतो" एवढेच म्हणतात. आम्हालाही भाडे कापता येईल का? मुलाला दम्याचा त्रास आहे, म्हणून घाई आहे.

ओसरी
@नवे बिऱ्हाड, बाळाला आधी त्या खोलीतून हलवा. कायद्यात भाडेकरू आणि परवान्यावर (लिव्ह अँड लायसन्सवर) राहणारा हे वेगळे धरले जातात, त्यामुळे कलम १४ वर विसंबून भाडे कापू नका. करारात दुरुस्तीविषयी काय लिहिले आहे ते आधी वाचा. आम्ही नूतनीकरणाच्या वेळी एक ओळ घालून घेतली होती: गळती, वीज आणि नळजोडणीची दुरुस्ती आम्ही कळवल्यापासून सात दिवसांत मालकाने करावी, अन्यथा आम्ही करून घेऊ आणि पावतीप्रमाणे रक्कम भाड्यातून वजा होईल. एजंटने कुरकुर केली, पण मालकांनी मान्य केले.

गच्चीची गळती बहुधा सोसायटीच्या खर्चाची असते, कारण आदर्श उपविधींमध्ये (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने दुरुस्त करावी असे आहे. अर्ज सभासदाचा, म्हणजे मालकाचा लागतो. तुम्ही मसुदा तयार करून त्यांना ईमेल करा आणि फक्त सही करून पाठवण्याची विनंती करा. आमचे काम याच एका गोष्टीने पुढे सरकले.

माजघर
मी मालकाच्या बाजूने लिहिते आहे. सासऱ्यांच्या पश्चात वाडा माझ्याकडे आला. सहा बिऱ्हाडांचे मिळून महिन्याला १,१०० रुपये येतात आणि कायद्याने वर्षाला ४ टक्केच वाढ करता येते. एका भिंतीचा गिलावा करायचा तरी वर्षाचे भाडे पुरत नाही. भाडेकरूंची अडचण खरी आहे, मला ती दिसते. गेल्या वर्षी त्यांनीच निम्मा खर्च उचलण्याची तयारी दाखवली, आम्ही तसे लिहून सह्या केल्या आणि पावसाआधी पन्हळी बदलल्या.

राइनकाठ
जर्मनीत घरात बुरशी आली तेव्हा मला येथील भाडेकरू संघाने सांगितले की दोष असेपर्यंत भाडे कायद्यानेच कमी होते, परंतु दोष मालकाला तत्काळ कळवणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. मी तारखेसह पत्र दिले होते, म्हणून मला भाडे कमी करता आले.

दुपारचा चहा
तक्रार केल्यावर मालकाने पाणी तोडले तर काय करावे? बहिणीला तशी धमकी मिळाली आहे.

पागोळी
@दुपारचा चहा, त्याच अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यावरचे दिवे यांसारख्या अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय मालकाला तोडता येत नाहीत आणि भाडेकरू त्या पूर्ववत करून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करू शकतो. धमकी फोनवरची असेल तर बहिणीने आजच मालकाला संदेश पाठवून ती तारीख-वेळेसह लेखी नोंदवावी.

@माजघर, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. तुमच्यासारखा लेखी तोडगा आमच्या वाड्यात कोणालाच सुचला नाही.

नवे बिऱ्हाड
@ओसरी, मनापासून आभार. मुलाला हॉलमध्ये झोपवले आहे आणि अर्जाचा मसुदा मी आता लिहायला घेते. करार माझ्या नावावर आहे, पण मालक नेहमी यजमानांशीच बोलतात. ईमेल कोणाच्या नावाने जावा?

ओसरी
करारावर ज्याची सही आहे, त्याच्या नावाने. छायाचित्रे आजच्या तारखेची जोडा.