मदत हवी आहे: मुलांच्या लॉगिनला ॲडमिन न करता टायपिंगचं सॉफ्टवेअर कसं चालवायचं?

खडूफळा
नमस्कार मंडळी. मी शाळेत गणित शिकवते. संगणकाच्या सरांची जागा रिकामी असल्यामुळे लॅबही माझ्याच गळ्यात आहे. १२ मशिन आहेत, सगळ्यांवर विंडोज १०. (मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हे माहीत आहे. मुख्याध्यापकांनाही दोनदा सांगून झालंय. त्यावर प्रतिसाद नकोत, प्लीज.)

आधी प्रत्येक मशिनवर एकच लॉगिन होतं, तेही ॲडमिन (मशिनवर सगळं बदलायचे अधिकार असलेलं) आणि बिनपासवर्डचं. व्हायचं ते झालं. गेम आले, आयकॉन गेले, एका पठ्ठ्याने तर मराठी कळफलकच काढून टाकला. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बसून तीन लॉगिन केले: 'शिक्षक' ॲडमिन, 'आठवी' आणि 'नववी' स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांची.

आता टायपिंगचं सॉफ्टवेअर मुलांच्या लॉगिनमध्ये उघडायला गेलं की पाटी येते आणि ॲडमिनचा पासवर्ड मागते. कंपनीला फोन केला तर उत्तर एकच, "मॅडम, सगळ्यांना ॲडमिन करून टाका." मग मीच शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये शोधाशोध केली. कम्पॅटिबिलिटीत 'रन धिस प्रोग्राम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर'वर टिक होती, ती काढली. सॉफ्टवेअर उघडलं! मुलं धडे करतात, वेग साठवला जातो. पण माझ्या लॉगिनमधून बघितलं तर नोंदी दिवाळीपूर्वीच्याच. आठवीला नववीचं दिसत नाही, नववीला आठवीचं नाही, आणि मला दोघांचंही नाही. मुलांचं काम जातंय कुठे?

टेक_गडी
सोप्पंय. 'रनॲज' कमांडला 'सेव्हक्रेड' लावून शॉर्टकट बनवा. पासवर्ड एकदाच टाकायचा, परत विचारत नाही.

बिटबाईट
मॅडम, वरचा उपाय करू नका. तो पासवर्ड त्या सॉफ्टवेअरपुरता राहत नाही. मुलाच्या लॉगिनमध्ये साठवला जातो आणि तीच कमांड वापरून मूल कुठलाही प्रोग्राम ॲडमिन म्हणून चालवू शकतं. किल्ली लपवल्यासारखं वाटतं, पण ती दाराच्या कडीलाच अडकवलेली असते.

काम गेलेलं नाही. 'आठवी'च्या लॉगिनमध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगा. मग सी ड्राइव्ह, युजर्स, आठवी, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर असं आत जा. काय दिसतंय ते इथे लिहा. सॉफ्टवेअर जुनं, ३२ बिटचं असावं असा अंदाज आहे.

खडूफळा
सापडलं! तिथे 'प्रोग्राम फाइल्स एक्स८६'ची, म्हणजे सॉफ्टवेअर जिथे बसवलेलं असतं त्या फोल्डरची प्रतिकृतीच आहे, आत सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर, त्यात 'डेटा', त्यात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची एमडीबी फाइल, म्हणजे नोंदींचा डेटाबेस. तारीख कालची. आणि हो, ३२ बिटच आहे. हे काय गौडबंगाल?

बिटबाईट
विंडोज व्हिस्टाच्या काळापासूनची सोय आहे ही. जुनी सॉफ्टवेअर आपली माहिती प्रोग्राम फाइल्समध्येच लिहायची. साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची परवानगी नसते. मग ती बंदच पडू नयेत म्हणून विंडोज ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअरकडे वळवतं. सॉफ्टवेअरला वाटतं, मूळ जागीच लिहिलं. त्यामुळे आठवीची वही वेगळी, नववीची वेगळी, आणि मूळ फाइल दिवाळीपासून जशीच्या तशी.

इथे माणसाला ॲडमिन करायची गरज नाही, फक्त फोल्डरला परवानगी द्यायची. 'शिक्षक'मधून मूळ 'डेटा' फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट. यादीतलं 'युजर्स' निवडून 'मॉडिफाय'ला टिक. 'फुल कंट्रोल' देऊ नका.

दोन गोष्टी सांभाळा. परवानगी फक्त 'डेटा'ला, सॉफ्टवेअरच्या अख्ख्या फोल्डरला नाही. नाहीतर एखादं कार्टं सॉफ्टवेअर चालवणारी मूळ ईएक्सई फाइल बदलून ठेवेल आणि ती तुम्ही 'शिक्षक'मधून चालवाल. उलट, नुसत्या एमडीबी फाइलला देऊनही भागणार नाही. फाइल उघडली की ॲक्सेस शेजारीच एक लॉक फाइल तयार करतं, त्यासाठी फोल्डरमध्ये नवी फाइल बनवता यायला हवी.

आणि परवानगी दिल्यावर दोन्ही लॉगिनमधली व्हर्च्युअलस्टोअरची प्रत तिथून हलवा. आधी पेनड्राइव्हवर घ्या, मुलांचं काम त्यात आहे. ती तशीच राहिली तर सॉफ्टवेअर आधी तीच वाचत राहील आणि तुम्ही म्हणाल, बिटबाईटने फसवलं.

तांबडी माती
उबंटू टाका आणि मोकळ्या व्हा. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सच चालतं.

खडूफळा
@तांबडी माती, मनात आहे, पण हे टायपिंगचं सॉफ्टवेअर तिथे चालत नाही आणि मुलं त्याच्यावरच सराव करतात.

@बिटबाईट, चाललं! पहिल्या मशिनवर दीड तास गेला, बाकीची भराभर झाली. आता तिन्ही लॉगिनला एकच यादी दिसते. परवानगी देण्यापूर्वीच्या दोन आठवड्यांच्या नोंदी मात्र एकत्र करता आल्या नाहीत, त्या वहीत उतरवून घेतल्या.

आणखी एक. स्टँडर्ड लॉगिन असूनही मुलांनी एक नवीन ब्राउझर आणि दोन गेम घातलेत. पासवर्ड कुणालाही दिलेला नाही. मग?

बिटबाईट
पासवर्ड लागतो तो प्रोग्राम फाइल्समध्ये किंवा विंडोजच्या फोल्डरमध्ये काही घालायला. बरेच इन्स्टॉलर ॲडमिन नाही असं दिसलं की वापरकर्त्याच्या ॲपडेटामध्ये बसतात, तिथे त्याचंच राज्य. आणि काही गेमना तर इन्स्टॉलही लागत नाही, पेनड्राइव्हवरून डबल क्लिक केला की चालू.

मशिनवर विंडोजची 'प्रो' आवृत्ती असेल तर ॲपलॉकर वापरा, कुठले प्रोग्राम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजचीच सोय. लोकल सिक्युरिटी पॉलिसीमध्ये 'ॲप्लिकेशन कंट्रोल पॉलिसीज'खाली मिळेल. एक्झिक्युटेबल रूल्सवर राइट क्लिक करून 'क्रिएट डिफॉल्ट रूल्स'. म्हणजे सर्वांना फक्त विंडोज आणि प्रोग्राम फाइल्समधलं चालेल, ॲडमिनला सगळं. 'ॲप्लिकेशन आयडेंटिटी' ही सर्व्हिस चालू हवी, नाहीतर नियम नुसते कागदावर. पहिला आठवडा 'ऑडिट ओन्ली'वर (अडवत नाही, फक्त नोंद ठेवतं) ठेवून इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काय अडलं असतं ते बघा, मग पक्का करा. थेट लावलात तर सोमवारी पहिल्या तासाला काय बंद पडलं ते शोधत बसाल.

खडूफळा
दोन आठवड्यांनी येतेय. ११ मशिनवर लावलं. तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी नववीच्या लॉगिनमध्ये गेम सुरू! पोराला विचारलं, तर निरागसपणे म्हणाला, "बाई, सगळ्या फोल्डरमध्ये टाकून बघितला, टायपिंगच्या डेटामध्ये चालला."

बिटबाईट
साष्टांग नमस्कार त्या पोराला. चूक माझी. 'डेटा' प्रोग्राम फाइल्सच्या आत आहे, म्हणून ॲपलॉकरच्या मते तिथलं सगळं चालवायला मोकळीक. आणि तिथे लिहायची परवानगी आपणच दिली! प्रोग्राम फाइल्सच्या डिफॉल्ट नियमावर डबल क्लिक करा, 'एक्सेप्शन्स'मध्ये तो 'डेटा' फोल्डर पाथ म्हणून घाला. लिहिता येईल, चालवता येणार नाही. एमडीबीला त्रास नाही, ती चालवायची फाइल नव्हे.

टेक_गडी
त्या पोराला इथे सदस्य करून घ्या.

खडूफळा
एक्सेप्शन टाकलं, गेम बंद, टायपिंग चालू. बाराव्या मशिनवर विंडोज होम निघालं, त्यात लोकल सिक्युरिटी पॉलिसीच नाही. ते माझ्या टेबलाशेजारी आणून ठेवलंय आणि नववीच्या तासाला त्यावर मीच हजेरी भरत बसते.