माथेरानच्या रिक्षावाल्यांना कर्ज नको, भाड्याची गाडी द्या

माथेरानच्या हातरिक्षा ओढणाऱ्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं की ते आपापली ई-रिक्षा घेतील, अशी एक सूचना पुढे आलीय. मला हे पटत नाही. तिथला धंदा शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांवर चालतो, पावसाळ्यात गिऱ्हाईक रोडावतं. हप्ता मात्र जुलैतही भरावा लागतो. वर्षानुवर्षं चढावर माणसं ओढलेल्यांच्या मागे आता वसुलीवाले लावायचे का?

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, तेव्हा गुजरातमधल्या केवडियाचा नमुना समोर ठेवला होता. तिथे ई-रिक्षा तिथल्या सरकारी विकास प्राधिकरणाच्या मालकीच्या, आणि स्थानिक महिला त्या भाड्याने चालवतात. निधी नाही ही सबब चालणार नाही, हेही न्यायालयाने बजावलंय. या पद्धतीत भाडं मोसमाप्रमाणे कमी-जास्त ठेवता येईल आणि नव्या बॅटरीचा मोठा खर्च चालकाच्या डोक्यावर बसणार नाही.

गाडी कशी बनवलेली असावी, हा मुद्दा मात्र राहूनच जातो. नियमातली ई-रिक्षा म्हणजे जास्तीत जास्त २००० वॅटची मोटर, ताशी २५ किमी वेग, चार प्रवासी आणि ४० किलो सामान. हे सपाट शहरांना पुरतं. बाहेरच्या गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्याहून बाजारापर्यंत ओल्या रस्त्यावर भरलेली गाडी चढवायची, उतरवायची म्हणजे आधी ब्रेक भक्कम हवेत. खरेदीआधी चाचणी भर पावसात, त्याच रस्त्यावर व्हावी, आणि गाडी या रिक्षावाल्यांच्याच हाती द्यावी.