मदत हवी आहे : रविवारचं मोठं शब्दकोडं एका कोपऱ्यात अडलंय

नमस्कार मंडळी. बाबा आणि मी दर रविवारी पेपरातलं मोठं शब्दकोडं मिळून सोडवतो. या वेळी सगळं भरलं, फक्त उजवीकडचा खालचा कोपरा राहिलाय.

आडवा शब्द : 'वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी', पाच अक्षरी. बाबांचं उत्तर नंदिवर्धन, म्हणजे आपल्या रामटेकजवळचं नगरधन. मी म्हणते प्रवरपूर. दोन्ही पाचच अक्षरी, कारण जोडाक्षराला एकच चौकोन! त्याचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेत, नंतर त्याने राजधानी प्रवरपूरला हलवली, त्यामुळे दोन्ही बरोबरच ठरतात. (प्रवरपूर म्हणजे मनसर की पवनार, हा वाद वेगळाच.) मला वाटतं, नाव त्याचंच असलेलं शहर कोडं रचणाऱ्याच्या मनात असावं.

शेवटच्या अक्षरावर उभा शब्द संपतो : 'घर', तीन अक्षरी. सदन, भवन घेतलं तर बाबा बरोबर, मंदिर घेतलं तर मी. पहिली दोन्ही अक्षरं कोरी आहेत, तिथे दुसरा कुठलाच शब्द छेदत नाही.

'न' किंवा 'र'ने संपणारा, घर याच अर्थाचा आणखी कुठला नेमका शब्द आहे का? आणि अशा वेळी तुम्ही कोणतं उत्तर धरता? पुढच्या रविवारी उत्तर छापून येईलच, पण त्याआधी आम्हाला ते स्वतः सोडवायचंय.