रेझोल्यूट बे ते ग्रीस फियोर्ड : 385 किमीला दीड तास कसा काय?

नकाशावेडा : कॅनडाच्या नुनावुटमधल्या दोन विमानतळांबद्दल विचारायचंय, रेझोल्यूट बे आणि एल्समियर बेटावरचं ग्रीस फियोर्ड. अंतर काढायच्या साइटवर साधारण 385 किमी येतंय आणि खाली फ्लाइट टाइम अर्धा-पाऊण तास, पण तिकडे जाऊन आलेले लोक दीड तास म्हणतात. वर नकाशात बघावं तर दोन गावांत 12 रेखांशांचा फरक, म्हणजे मुळात 385 तरी खरं का?

पंखा_चालू : अंतर बरोबर आहे, नकाशा फसवतोय. विषुववृत्तावर एक रेखांश म्हणजे 111 किमी, पण 75-76 अक्षांशावर तो जेमतेम 28 किमीच उरतो, तेव्हा 12 रेखांश म्हणजे तीनशे-साडेतीनशे किमी झाले आणि वर थोडं उत्तरेला सरकायचंय. आपले नेहमीचे नकाशे ध्रुवाकडचा भाग ताणून दाखवतात म्हणून ते एवढं लांब वाटतं.

वेळेचं म्हणशील तर साइट सगळीकडे जेटचा वेग धरते, ताशी 800-900. तिथे जेट कुठून येणार, ग्रीस फियोर्डची धावपट्टी खडीची, लांबीला तोकडी आणि बाजूला डोंगर. तिथे चालतं ट्विन ऑटर, दोन पंख्यांचं छोटं विमान, वेग साधारण 150 नॉट म्हणजे ताशी 275-280 किमी. भाग देऊन बघ, एक तास 25 मिनिटं येतात.

उत्तरवारा : त्यात वारा धरलेला नाही हां. समोरून 40 नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग ताशी 205 वर येतो आणि पावणेदोन तासांच्या वर जातं, तोच मागून असला की तास-सव्वा तासात पोचतो. जेटला एवढा फरक पडत नाही, हळू विमानाला वारा फार लागतो. शिवाय खाली ढग आणि आजूबाजूला डोंगर, उतरता नाही आलं तर परत रेझोल्यूट, म्हणून परतीचं इंधन घेऊनच निघावं लागतं.

नकाशावेडा : भारी! पण वेळापत्रकात सुटायची आणि पोचायची वेळ वजा केली की अडीच तास येतात, ते काय?

पंखा_चालू : टाइम झोन रे. रेझोल्यूट सेंट्रल टाइमवर आणि ग्रीस फियोर्ड ईस्टर्नवर, म्हणजे एक तास पुढे. दहाला सुटून दीड तास उडालं तरी तिथल्या घड्याळात साडेबारा. येताना उलटं, अर्ध्या तासातच आल्यासारखं वाटेल.

नकाशावेडा : ओके. मला सिम्युलेटरमध्ये हीच फ्लाइट करायचीय, हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा, उत्तरेपासून अंशांत) काय धरू? होकायंत्र वेड्यासारखं करतंय.

उत्तरवारा : करणारच, चुंबकीय ध्रुवाच्या पट्ट्यात ते भरवशाचं नसतं, म्हणून कॅनडाच्या त्या भागात सगळं खऱ्या उत्तरेवरून मोजतात. रेझोल्यूटहून निघताना 55 अंश धर, पण तोच आकडा शेवटपर्यंत ठेवू नको, सरळ रेषेत जायचं तर पोचेस्तोवर 66 पर्यंत वाढवत न्यावा लागतो. आणि उतरताना डोंगर बघ, सिममध्येही ते लई जवळ येतात.