मदत हवी आहे : तीस वर्षे उसाखाली राहिलेल्या जमिनीला बेवड कशाचा द्यावा?

सर्वांना नमस्कार.

वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठापासून दीड-दोन किलोमीटरवर आमची सव्वातीन एकर काळी, खोल जमीन आहे. उपसा सिंचनाचे पाणी १९९२ साली बांधावर आले आणि त्याच वर्षी वडिलांनी ऊस धरला. त्याआधी याच रानात खरिपाला भुईमूग आणि रब्बीला शाळू किंवा हरभरा होत असे. पाणी आल्यापासून मात्र लावण, खोडवा (तोडणीनंतर त्याच खोडांतून फुटलेले पीक), निडवा (त्याच खोडांचे पुढचे पीक), नांगरट आणि पुन्हा लावण, एवढाच क्रम चालू आहे. हरभऱ्याच्या बेवडावर, म्हणजे हरभरा निघालेल्या रानात, पुढचे पीक कसे जोमाने येते हे घरात आजही सांगितले जाते, पण गेल्या तीस वर्षांत आमच्या रानाला उसावर उसाखेरीज दुसरा बेवड मिळालेला नाही.

को ८६०३२ या उसाच्या वाणाची लावण पूर्वी एकरी ६५ ते ७० टन जात असे. गेल्या हंगामात लावण ४२ टनांवर थांबली आणि निडवा अवघा २४ टन गेला. टनेज घटले की पुढच्या वेळी युरियाचे एक पोते वाढवायचे, असे आम्ही बरीच वर्षे केले, आणि त्यात चूक झाली हे आता मान्य करावे लागते. ऊस काळाभोर दिसतो, पण फुटवे कमी राहतात, कांड्या आखूड पडतात, आणि निडव्यात पाने पिवळी-पांढरी पडून केवडा येतो. बेणेही घरचेच, एकाच फडातले, सात-आठ वर्षे फिरवत आहोत.

यंदा प्रथमच मी रानाचे दोन भाग मानून मातीचे वेगवेगळे नमुने तपासून घेतले, आणि माझा खरा गोंधळ तिथून सुरू झाला. वरच्या दोन एकरांचा सामू (पीएच) ८.१, विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) ०.६ आणि सेंद्रिय कर्ब ०.३९ टक्के आला. खालच्या सव्वा एकराचा सामू ८.९, विद्युत वाहकता २.३, विनिमययुक्त (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम १८ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.३२ टक्के आणि मुक्त चुनखडी ११ टक्के आहे. खालच्या भागात पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत वाफसा (मशागतीजोगी ओल) येत नाही, वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे कठीण होते, आणि उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरा थर दिसतो. वरच्या भागात यांपैकी काहीच नाही, तरीही टनेज तिथेही घटलेच आहे.

म्हणून पहिला प्रश्न असा, की ही एकाच दुखण्याची दोन रूपे आहेत की दोन वेगळी दुखणी आहेत? दुकानदाराने संपूर्ण रानाला एकरी ठरावीक जिप्सम (कॅल्शियमयुक्त भूसुधारक) टाकण्यास सांगितले आहे. शेजारच्या एका जाणत्या शेतकऱ्यांच्या मते फक्त ताग हे हिरवळीचे पीक घेऊन गाडले तरी पुरे आहे. दोघांचेही म्हणणे सगळ्या रानाला एकाच मापाने मोजणारे असल्यामुळे माझे मन त्यावर बसत नाही.

दुसरा प्रश्न पीक बदलण्याचा आहे. वरचा निडवा जानेवारीत तुटेल. त्यानंतर हळद करावी असे घरातल्यांना वाटते, कारण सांगलीची बाजारपेठ जवळ आहे. मला सोयाबीन आणि हरभरा करून पुढे आडसाली (जुलै-ऑगस्टची) लावण करावी असे वाटते. मात्र संपूर्ण रान एकाच वर्षी उसातून काढणे आम्हाला परवडणार नाही, कारण सोसायटीचे कर्ज उसाच्या बिलातूनच फिटते. दोन वर्षांपूर्वी वरच्या बाजूला हुमणीनेही (मुळे खाणाऱ्या अळीने) वाफ्यासारखे मोठे चट्टे पाडले होते, तेव्हा पीक निवडताना तिचाही विचार करावा लागेल.

ज्यांनी अशी जमीन प्रत्यक्ष परत वळणावर आणली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. वडील ७४ वर्षांचे आहेत. हे रान पुन्हा भुसभुशीत झालेले त्यांनी पाहावे, अशी माझी फार इच्छा आहे.

प्रतिसाद

नमस्कार. आपण नमुने वेगवेगळे काढले हे फार चांगले केले, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांतच आहे. वरचे दोन एकर दमलेले आहेत आणि खालचा सव्वा एकर पाणी साचून चिबड आणि सोडियम वाढून चोपण झालेला आहे. सामू ८.५ च्या वर, विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि वाहकता ४ च्या खाली असेल, तर ती जमीन चोपण धरतात. वरच्या भागात जिप्समवर एक रुपयाही घालू नका.

खालच्या भागात आधी पाण्याला वाट करून द्या. चोपण सुधारणे म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम सुटा करून पाण्याबरोबर रानाबाहेर घालवणे. बाहेर जायला वाटच नसेल तर जिप्समने सुटलेला सोडियम तिथेच फिरत राहतो आणि पैसे मातीत जातात. वरच्या शेतांचा पाझर आपल्याकडे येत असणार, म्हणून चढाच्या बांधालगत तीन-चार फूट खोल उघडा चर काढून तो ओढ्याला जोडा. सच्छिद्र पाईपची निचरा योजना अधिक चांगली, पण तिला पाणी बाहेर सोडण्याची जागा लागते आणि ती शेजाऱ्यांसह गटाने केली तरच परवडते. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनींवर काम झालेले आहे. खर्च करण्याआधी अहवाल घेऊन तिथे अवश्य जाऊन या.

आपल्या मातीत ११ टक्के चुनखडी आहे, म्हणजे कॅल्शियम रानातच आहे, फक्त तो विरघळलेला नाही. अशा जमिनीत जिप्समऐवजी गंधकाचा विचार करावा. जमिनीतले जिवाणू गंधकाचे आम्ल करतात, ते चुनखडी विरघळवते आणि मोकळा झालेला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. याला ओल, ऊब आणि काही महिने लागतात, त्यामुळे महिनाभरात फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नये. चर झाल्यावर तिथे धैंचा हे हिरवळीचे पीक घ्या. क्षार आणि पाणी तो तागापेक्षा अधिक सोसतो. पुढे ऊसच करायचा असेल तर त्या भागासाठी को एम ०२६५, म्हणजे फुले २६५, अधिक तग धरते.

वरच्या भागासाठी आपलाच विचार योग्य आहे. फक्त एका वेळी एकच एकर घ्या, म्हणजे कर्जाचा हप्ता अडणार नाही. जानेवारीत निडवा तुटल्यावर पाचट मुळीच पेटवू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू वापरून ते रानातच कुजवा. जूनमध्ये सोयाबीन, ऑक्टोबरअखेर वाफशावर हरभरा, एप्रिल-मेमध्ये ताग पेरून ४५ ते ५० दिवसांनी फुलोऱ्यात गाडणे, आणि जुलैअखेरीस आडसाली लावण, असा दीड वर्षाचा क्रम बसतो. सोयाबीन आणि हरभरा यांच्या बियाण्याला लावायचे रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू) वेगवेगळे असते, एकच पाकीट दोन्हींना चालत नाही. लावणीसाठी बेणेमळ्यातले नवे बेणे आणा आणि पुढे निडवा धरू नका.

हळद मी आत्ता करणार नाही. ती खादाड आहे, आणि निचरा कमी पडला तर कंदकूज होते. हुमणीचे चट्टे पडलेल्या रानात भुईमूगही नको, कारण त्याच्या मुळांवर ती तितकीच तुटून पडते. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. ते झाडे हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकणे सगळ्या शिवाराने मिळून केले तरच उपयोग होतो.

एक विचारायचे राहिले. खालच्या भागाला पाणी किती दिवसांनी देता?

धागाकर्ता

आपले मनापासून आभार. पाणी दर दहा दिवसांनी, दोन्ही भागांना सारखेच आणि सरी तुडुंब भरून दिले जाते. आमच्या योजनेची पाणीपट्टी एकरावर आहे, पाणी मोजून नाही, त्यामुळे पाळी आली की पाणी घ्यायचेच अशी सवय पडली आहे. पुढच्या पाळीला खालच्या भागाचे पाणी बंद ठेवून वाफसा कधी येतो ते पाहतो. चराबाबत वरच्या दोन्ही शेजाऱ्यांशी या आठवड्यात बोलणार आहे, कारण ओढ्यापर्यंतची वाट त्यांच्यापैकी एकांच्या बांधावरूनच जाते. त्यांनी नकार दिला तर चराचे पाणी आपल्याच हद्दीत खोल शोषखड्डा काढून जिरवता येईल का, हे कोणी केले असल्यास कृपया सांगावे.