पन्नास की पस्तीस? दहा बाय बाराच्या खोलीतले पोर्ट्रेट

फुटपट्टी:
"घरात पोर्ट्रेट काढायचेत, बजेट चाळीसेक हजार" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: सेकंडहँड क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). खोली न मोजता दिलेला हा सल्ला बऱ्याच घरांत आपटतो.

निकॉन डी ५६०० धरा, सेन्सर २३.५ बाय १५.६ मिमी. खोली दहा बाय बारा फूट. माणूस भिंतीला चिकटवला तर मागे सावलीची काळी कड येते, म्हणून तो तीन फूट पुढे. फोटो काढणाऱ्याला उभं राहायला दीड फूट. बारातले उरले साडेसात. कॅमेरा उभा धरून कमरेपर्यंतचा फोटो ५० वर साडेसहा फुटांवरून येतो, ठीक. पण खुर्चीत बसलेली आजी पावलांसकट हवी असेल तर दहा फूट लागतात. ते आणायचे कुठून? ३५ एमएम एफ १.८ जी डीएक्स या निकॉनच्या क्रॉप बॉडीसाठीच्या लेन्सवर तेच काम सात फुटांत होतं. पहिली लेन्स ३५.

पन्नाशीवाला:
गणित बरोबर, निष्कर्ष चूक. पोर्ट्रेट म्हणजे पावलं नव्हेत, चेहरा. डोकं-खांदे एवढीच चौकट ३५ वर भरायची तर अडीच फुटांवर जावं लागतं. तिथून नाक फुगतं, कान मागे पळतात. दोष लेन्सचा नाही, अंतराचा. पण ते अंतर लेन्सच भाग पाडते. ५० वर तीच चौकट पावणेचार फुटांवरून येते, चेहरा माणसासारखा दिसतो.

एक सूचना मात्र हवीच. त्या अंतरावर एफ १.८ ला स्पष्टतेची पट्टी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. चेहरा किंचित वळला की जवळचा डोळा धारदार आणि लांबचा मऊ. त्यामुळे एफ २.८ वर या, फोकसचा एकच पॉइंट (सिंगल पॉइंट) ठेवा आणि तो जवळच्या डोळ्यावर. मधल्या पॉइंटवर फोकस लॉक करून मग चौकट हलवायची सवय इथे घात करते.

आणि स्वस्तात मिळते म्हणून ५० ची जुनी 'डी' लेन्स उचलू नका. डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या बॉडीत फोकस मोटर नाही, रिंग हातानेच फिरवावी लागेल. नावात 'एएफ-एस' पाहूनच पैसे द्या.

उजेडकर:
दोघेही काचेवर भांडताय, उजेडाचं काय? रात्री ट्यूबलाइटखाली १/१०० सेकंद आणि एफ १.८ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की दाणे येतात) साधारण ८०० लागतो. किट लेन्सवर (बॉडीसोबत येणारी झूम) एफ ५.६ ला तोच ८००० च्या घरात. इथवर १.८ जिंकते, मान्य. पण उजेड डोक्यावरून येतोय, डोळ्यांच्या खोबणी काळ्याच राहणार. फोटो कमी दाणेदार आला, चांगला नाही आला.

किट लेन्स ठेवा आणि मॅन्युअल फ्लॅश घ्या, गोडॉक्स टीटी ६०० सारखा. डोकं छताकडे सरळ नको, बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे तिरकं. १/१६०, एफ ५.६, आयएसओ ४००, फ्लॅश १/४ ताकदीवर. तिथून कमी-जास्त करा. ट्यूबलाइट बंद, नाहीतर अर्धा गाल हिरवट. दिवसा तर फ्लॅशही नको: खिडकीपासून तीन फुटांवर माणूस, अंगाला ४५ अंशांत उजेड, दुसऱ्या बाजूला थर्मोकोलची पांढरी शीट. स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

फुटपट्टी:
@उजेडकर भिंत पिस्ता रंगाची असेल तर? चेहरा आजारी दिसतो. आपल्याकडे पांढरी भिंत गृहीत धरता येत नाही. आणि रांगतं पोर फ्लॅश रीसायकल (पुन्हा चार्ज) होईस्तोवर थांबत नाही.

उजेडकर:
मग छतावर मारा, ते बहुधा पांढरंच असतं. फ्लॅशच्या डोक्याला पांढरं कार्ड रबरबँडने लावा, खोबणी भरतात. १/४ ताकदीला चांगले एनआयएमएच (रीचार्ज होणारे) सेल असतील तर फार थांबावं लागत नाही.

बॉडी घेताना मात्र हे बघा: कॅननच्या २०० डी मार्क २ च्या हॉटशूला (वर फ्लॅश बसवायची खाच) मधला संपर्कबिंदू नाही. टीटी ६०० त्या बिंदूवरच चालतो, तिथे चढवला तर पेटतच नाही. टीटी ६८५ ची कॅनन आवृत्ती चालते. डी ५६०० ला ही अडचण नाही. फ्लॅश बाजूला ठेवून पॉपअपने पेटवायचा असेल तर पॉपअप मॅन्युअलवर १/३२ ला ठेवा आणि फ्लॅश एस १ वर (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसताच पेटणारा मोड). पॉपअप टीटीएलवर (ताकद आपोआप ठरवणारा मोड) राहिला तर मोजमापासाठी आधी पडणाऱ्या प्रीफ्लॅशलाच फ्लॅश उडतो आणि फोटो काळा.

जुनाबाजार:
फ्लॅश नको असेल तर सेकंडहँड फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरची बॉडी) घ्या की. कॅनन ६डी, २०१२ ची बॉडी, पण मधला पॉइंट उणे ३ ईव्हीला, म्हणजे अगदी मंद उजेडातही, फोकस पकडतो. त्यावर कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम लेन्स उभ्या माणसाला सव्वानऊ फुटांत मावून घेते. एएफ मायक्रोॲडजस्टमेंटही आहे, १.८ ला फ्रंट-बॅक फोकसचा (फोकस डोळ्याच्या पुढे-मागे पडण्याचा) त्रास झाला तर बॉडीतच सुधारता येतो. २०० डी मार्क २ मध्ये ती सोय नाही.

घेताना एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसेल. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. मुंबई-कोकणातल्या लेन्सला बुरशी पटकन धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की परत द्या, सौदा कितीही गोड असो. निकॉनच्या फोटो फाइलमधून शटर काउंट (आजवर किती फोटो काढले) कळतो, कॅननच्या बहुतेक बॉडींत बॉडी सॉफ्टवेअरला जोडावी लागते.

पन्नाशीवाला:
सव्वानऊ फूट! साडेसातच्या खोलीत?

फुटपट्टी:
हेच म्हणत होतो. किट लेन्स हातात असेल तर खर्चाआधी एक करा: झूम ३५ वर ठेवून पाठ भिंतीला टेका, घरच्यांना समोर बसवा, मग ५० च्या जवळ न्या. फोटोच्या माहितीत नेमका आकडा दिसतोच. ज्या आकड्यावर तुम्ही जास्त वेळा थांबता ती लेन्स. चेहरेच काढायचे ठरले तर पन्नाशीवाल्यांशी माझं भांडण नाही.